उलटी टीप

मंगळवार, ता. ११ मार्च

चि. बॉबिन हिला आबाचा आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. लिहायला रोज बसत होतो. कागद मशीनवर ठेवायचा, 'चि. बॉबिन' लिहायचे आणि नेमकी कुणाची तरी पँट आखूड करायची आठवायची. मग त्याच कागदावर पँटचे माप लिहायचे. अशी तुझ्या नावाची किती पत्रे गिऱ्हाइकांच्या कमरेला गेली, देव जाणे. माझे शिक्षण तुला माहीतच आहे. सहावीतून उठवून वडिलांनी मशीनवर बसवले, तेव्हापासून सही आणि मापे सोडून फारसे लिहिलेले नाही. चुकेल तिथे सुधारून वाच.

इकडे सगळे ठीक. तुझ्या आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प असतो. तुझा बाबा कामावरून आला की बूट काढायच्या आधी टीव्ही लावतो, मॅच असो वा नसो. मशीनचा पट्टा तुटला होता, नवा घातला, पण तो अजून रुळला नाही, टीप मारताना मध्येच कुत्र्यासारखा गुरगुरतो. आपला काज-बटणवाला रोज वेळेवर येतो, म्हणजे त्याच्या वेळेवर. तिकडे थंडी असेल. स्वेटर घाल.

तुमच्या टीममध्ये बदली म्हणून बोलावलेली ती गोलंदाज पोरगी उद्या संध्याकाळच्या विमानाने निघते आहे. काल ट्राउझर कमरेत आवळून घ्यायला दुकानात आली होती. तिला म्हटले, एक पत्र आणि एक छोटे पुडके नेशील का?

"पत्र? आबा, फोन करा की सरळ," ती म्हणाली.

मी म्हटले, "फोनवर माझं डोकं आणि तोंड एका वेळी चालत नाही बाई."

"टीव्हीवर तर तोंड छान चाललं होतं," असे म्हणाली आणि हसली. पोरगी वाईट नाही, पण जीभ नवी धार लावलेल्या कातरीसारखी आहे. मी तिची कंबर अर्धा बोट जास्तच आवळणार होतो, पण म्हटले, जाऊ दे, हिच्याच हाती पत्र जायचे आहे.

तर टीव्हीचे आलेच आता. लिहितोच.

पहिली मॅच तुम्ही जिंकलात तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांची ती तिसऱ्या नंबरवर येणारी बाई चांगली जमली होती. तू स्टंपांना चिकटून उभी होतीस आणि तुमची डावखुरी फिरकीवाली चेंडू टाकायला निघाली होती. आणि टीव्हीतून तुझा आवाज आला, अगदी स्वच्छ, आपल्या दुकानात यायचा तसा: "उलटी टीप गं, उलटी टीप!" चेंडू वळेल म्हणून ती बाई पुढे सरसावली, चेंडू वळलाच नाही, सरळ गेला आणि तू तिच्या मागे बेल्स उडवून मोकळी झालीस. लोक नाचायला लागले. मी नाचलो नाही. मी काज-बटणवाल्याला विचारले, "हे ती आत्ता काय बोलली?" तो म्हणाला, "आबा, स्टंपात माइक असतो. कीपर काय बोलते ते सगळं ऐकू येतं." मला ते आजवर माहीतच नव्हते. इतकी वर्षे तुझ्या मॅचेस बघतो आहे, पण आवाज बंद करून; त्या दिवशी गर्दीतल्या कुणी तरी तो मोठा केला होता. त्या बोलणाऱ्या लोकांची बडबड मला सहन होत नाही.

मग एका चॅनेलची माइकवाली मुलगी आली, कॅमेरावाला घेऊन. "आबा, उलटी टीप म्हणजे काय?" तिने गोड आवाजात विचारले. सगळीकडे म्हणे लोक हेच विचारत होते. आणि मी, बॉबिन, मी गळ्यात टेप घातली, केस विंचरले आणि सांगत सुटलो.

तिला काय काय सांगितले ते तुला नीट कळायला हवे, म्हणून लिहितो. मी सांगितले की हे आमच्या दुकानातले शब्द आहेत. समोर उभ्या असलेल्या बाईला 'तुमचं पोट सुटलंय' असे म्हणता येत नाही, म्हणून माझी बायको पडद्याआडून म्हणायची, 'अस्तर जास्त लागेल.' गिऱ्हाईक घाई करायला लागले की 'दोरा ओला कर', म्हणजे जरा रेंगाळ, त्याला थांबव. 'बाही आखूड' म्हणजे याचा हात खिशापर्यंत पोचत नाही, हा भारी कापड घेणार नाही. आणि मी भलतेच काही बोलायला लागलो की 'उलटी टीप', म्हणजे आता एकदम उलट बोल. ती मुलगी म्हणाली, "मग क्रिकेटमध्ये?" मी आपला शहाणा! डोके चालवून एकेक उलगडून दिले. दोरा ओला कर म्हणजे चेंडू हळू टाक. बाही आखूड म्हणजे हिचा हात बाहेर पोचत नाही, तिकडे टाक. उलटी टीप म्हणजे वळवते आहेस असे दाखव आणि सरळ टाक. कॅमेरावालासुद्धा हसला. जाताना मुलीने माझ्या पायाला हात लावला. मी दिवसभर ताठ चाललो.

त्यांच्या त्या तिसऱ्या नंबरच्या बाईची आई आपल्याकडची आहे आणि तिला आपली भाषा घरच्यासारखी येते, म्हणून तुला शब्द झाकून वापरावे लागतात, हे मला कुठे माहीत होते? मला वाटले, तू इतक्या दूर गेलीस, तुला दुकानाची आठवण येते, म्हणून बोलतेस. मला ते लाडाचे वाटले. ते हत्यार आहे हे कळले असते तर कॅमेऱ्यासमोर ओठ शिवून घेतले असते.

दुसऱ्या मॅचला पुन्हा दुकान भरले. यावेळी टीव्हीचा आवाज मोठा. तू ओरडलीस, "उलटी टीप!" आणि ती बाई थांबून मागे वळली, तुझ्याकडे बघून हसली. मग चेंडू आला तो सरळ येणार हे तिला ठाऊकच होते, तिने तो उचलून प्रेक्षकांत दिला. आणि बॅट काखेत मारून आपल्या भाषेत म्हणाली, "आबांना माझा नमस्कार सांग हं."

दुकानातले लोक हसले, बॉबिन. आपलेच लोक. काज-बटणवाल्याने खाली मान घातली आणि नसलेल्या बटणाला दोरा गुंडाळत बसला. त्या बाईने शंभर केल्या. मॅच गेली. दोन मॅचेसमध्ये एक-एक झाले आणि आता सगळे शनिवारच्या मॅचवर येऊन अडकले, ते माझ्यामुळे.

तू आईला निरोप पाठवलास, 'आबांना सांग, मी रागावले नाही.' आईने तो मला तीनदा वाचून दाखवला. माणूस रागावल्याशिवाय 'मी रागावले नाही' असे सांगत नाही. मी पन्नास वर्षे गिऱ्हाइके ऐकली आहेत. 'चालेल हो, एवढं काही नाही' म्हणणारा पुन्हा दुकानात येत नाही.

थांबतो. एक बाई परकर घेऊन आली आहे.

दुपार

परकर झाला. जेवणही झाले, म्हणजे तुझ्या आईने ताट ठेवले आणि उचलले. आता खरे लिहितो. सकाळी लिहिले ते लिहायला सोपे होते, कारण ते सगळ्या जगाला माहीत आहे.

त्याच दुसऱ्या मॅचमध्ये, शंभर झाल्यावर, त्या बाईच्या बॅटची कड लागून चेंडू तुझ्याकडे आला. तुझ्या डाव्या हाताला लागला आणि खाली पडला. लोकांनी 'अरेरे' केले, तिकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. तू वाकलीस, चेंडू उचललास आणि स्वतःशीच काही तरी बोललीस. हळू. माइकला जेमतेम मिळाले. सुरुवातीला 'सु' आणि शेवटी 'ली', मधले सगळे टाळ्यांत गेले.

मी खुर्चीतून उठलो. का उठलो ते मलाही आधी कळले नाही. तुझा बाबा म्हणाला, "कुठे निघालात?" मी बघितले तर मी मशीनच्या दुसऱ्या बाजूला, तुझ्या आजीच्या स्टुलाकडे निघालो होतो.

'सुई मोडली' हा शब्द मी त्या माइकवाल्या मुलीला सांगितला नाही. तो गमतीचा नाही. काज-बटणवाल्यालाही माहीत नाही, तो नंतर आला. आजीची बोटे धरायची, कधीकधी आखडून जायची. गिऱ्हाईक समोर असताना ती 'आई गं' म्हणत नसे. शांतपणे म्हणायची, "अहो, सुई मोडली." मी उठायचो, तिच्या जागी बसायचो आणि तिचे काम पुढे न्यायचो. समोरच्याला पत्ता लागायचा नाही. तिने तो शब्द फार कमी वेळा वापरला आणि एकदाही उगाच वापरला नाही.

आणि दुसऱ्या कुणी वापरला असेल तर तो तू. कुंपणावरून पडून कोपर मोडून घेतलेस तेव्हा दुकानात लग्नाच्या कपड्यांचे गिऱ्हाईक होते. तू दारातून आत आलीस, हात पोटाशी धरलेला, चेहरा पांढरा, डोळ्यांत टिपूस नाही. म्हणालीस, "आबा, सुई मोडली." एवढेसे बॉबिन, मशीनखाली खेळून खेळून शब्द शिकलेले. मी त्या लोकांना तसेच सोडून तुला उचलून नेले. त्यांना काहीच कळेना. नवरदेव मागून ओरडत होता, "अहो, पण नवी सुई मिळत नाही का?"

तर आता सांग, मी काय ऐकले?

तुझा बाबा म्हणतो, "सुटली म्हणाली. कॅच सुटली. दुसरं काय म्हणणार?" काज-बटणवाल्याने मोबाइल कानाला लावून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला आणि म्हणाला, "आबा, मला 'सुजली' वाटतंय." मी त्याला दम दिला की हे दुकानाबाहेर बोललास तर तुझीच काजे शिवून टाकीन. बाबाला 'सुटली' ऐकू येते, कारण त्याला शनिवारी तू खेळायला हवी आहेस. मला 'सुई मोडली' ऐकू येते, कारण मला रात्रंदिवस तेच ऐकू येते. आणि माझे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे. मागे एका माणसाने 'लांब कोट' सांगितला आणि मी 'जांभळा कोट' बेतला होता.

पण डोळे आहेत अजून. त्यानंतर तू चेंडू उजव्या हाताकडे घेत होतीस. मैत्रिणींना टाळी दिलीस ती उजव्याच हाताने. षटक संपले की डावा हात काखेत. आणि बॅटिंगला आलीस तेव्हा डाव्या हाताची करंगळी दांड्यावर मिटत नव्हती, कपाचा कान धरणाऱ्या बाईसारखी बाहेर राहिली होती. बाबा म्हणाला, "स्टाईल असेल." स्टाईल! अशी स्टाईल मी तुला कधी शिवून दिली नाही.

आता माझा जीव कसा अडकला आहे बघ. मी हे कुणाला सांगितले आणि बोट धड असले, तर तुला शनिवारी उगाच बाहेर बसवतील, आणि पुन्हा या आबानेच तोंड उघडले असे होईल. नाही सांगितले आणि बोट मोडलेले असले, तर तू पूर्ण मॅचभर त्याच बोटावर चेंडू झेलणार, आणि तो हात जन्माचा जाईल. एकदा बोलून नुकसान केले. आता गप्प बसून करतो आहे की काय? उठतो, दोन टाके घालतो, उसवतो, पुन्हा बसतो. काल एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

आणि एक केले आहे, ते सांगून टाकतो. तुमच्या टीमच्या फिजिओबाईंचा नंबर तुझ्या आईकडे अडीअडचणीला दिलेला आहे. काल काज-बटणवाल्याकडून तो लावून घेतला. बाईंनी लगेच उचलला. "आजोबा? घरी सगळं ठीक आहे ना?" किती मायेने विचारले. आणि माझ्या जिभेवर 'तिचं बोट बघा' एवढे तीन शब्द होते.

मी विचारले, "तिकडे थंडी आहे का हो?"

"आहे थोडी," त्या म्हणाल्या.

"बरं, मग तिला स्वेटर घालायला सांगा," म्हटले आणि ठेवला.

काज-बटणवाला माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आबा, परदेशात फोन करून स्वेटर?" त्याला वाटते, मला म्हातारचळ लागला. लागू दे वाटायला.

ती माइकवाली मुलगी काल परत आली होती. "आबा, एखादा शब्द सांगायचा राहिलाय का?" मी तिला म्हटले, "नाही बाई. होते तेवढे सगळे सांगितले. तेच जास्त झाले." तिने कॅमेरा सुरूच ठेवला होता. मी शटर ओढून घेतले. दुपारच्या वेळी दुकानाचे शटर मी, आजी गेली त्या दिवसानंतर, पहिल्यांदा ओढले.

पुडक्यात काय आहे ते सांगतो. कीपिंगच्या ग्लोव्हजच्या आत घालायचे सुती हातमोजे आहेत, दोन जोड. तुझे माप माझ्या बोटांत आहे, टेप लागली नाही. उजवा हात नेहमीसारखा. डाव्याची करंगळी मात्र सैल ठेवली आहे, आणि आतून मऊ फलालीनचे दुहेरी अस्तर लावले आहे. बोट बरे असेल तर म्हण, म्हाताऱ्याचे माप चुकले, आणि ते फेकून दे. दुखत असेल तर पट्टी बांधून बोट त्यात आरामात जाईल. शिवताना मनात आले, हे देऊन मी तुला खेळायलाच सांगतो आहे का? दोनदा अस्तर काढले, दोनदा लावले. शेवटी लावून पाठवतो. मी शिंपी आहे, मला आत घालायला काही तरी शिवून देण्याशिवाय दुसरे काही येत नाही. पण ते घालण्याआधी फिजिओबाईंना हात दाखव. मी फोनवर जे बोलू शकलो नाही ते तू बोल. तुझे बोट आहे, तुझ्या तोंडून गेलेले बरे.

आणि एक. दुकानाचे शब्द आता जुने झाले. तुम्ही मुलींनी बसून नवे ठरवा, भाज्यांचे, रंगांचे, कशाचेही. मला काय ठरवले ते सांगू नकोस. विचारले तरी सांगू नकोस. फक्त सुईचा तेवढा ठेव, तो आपला तिघांचाच होता, आता दोघांचा.

नाही तर असे करा. त्या बाईसमोर एकदा मोठ्याने 'उलटी टीप' म्हणा आणि चेंडू वळवा. तिचा माझ्यावर फार विश्वास बसला आहे. नमस्कार सांगितला होता ना, त्याची ही परतफेड. हे सुचल्यापासून जरा हसू येते आहे, पण तू आणि तुझ्या कॅप्टनबाई बघा, मला खेळातले कळत नाही. परत शहाणपणा करायला लागलो.

शनिवारी दुकान बंद ठेवतो. कुणालाही आत घेणार नाही. तुझा बाबा आलाच तर त्याला गप्प बसायची अट. टीव्हीचा आवाज पूर्ण मोठा. बोट धड असेल आणि माझेच कान गेले असतील, तर स्टंपांमागे उभी राहिलीस की कधी तरी 'दोरा ओवला' एवढे म्हण. कुणाला काही कळणार नाही, मला कळेल, मी उठून जेवेन. बोट मोडले असेल तर माइकपाशी काही बोलायची गरज नाही. स्टंपांमागे दुसरी मुलगी ग्लोव्हज घालून उभी दिसली की मी समजेन. आजीच्या जागी मी बसायचो तेव्हा शिवण तिचीच असायची, कपड्याला काही फरक पडत नसे. तशी ती तुझ्या जागी उभी राहील. त्या दिवशी तुम्ही हरलात तरी मी खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवीन, लोक काय म्हणायचे ते म्हणोत.

पण शनिवारपर्यंत थांबवू नकोस, जमले तर. पत्र पोचले की आईच्या फोनवर एक शब्द टाक. 'रागावले नाही' नको. तो मला वाचता येत नाही. सुईचे काय झाले तेवढेच लिही, लवकर लिही. सगळ्यात वाईट म्हणजे तू तिथे उभी राहशील आणि काहीच बोलणार नाहीस. तेवढे मात्र करू नकोस बाळा. टीव्हीपुढे बसून तुझ्या गप्प राहण्याचा अर्थ लावायला मला कुणी शिकवलेले नाही.

वाट बघतो.

तोंडाला पक्की टीप मारून बसलेला,
तुझा आबा